जोडणी एक, वापरणारे अनेक : ब्रॉडबँडच्या वापरमर्यादेचा इतिहास आणि यवतमाळ जिल्हा

दळणवळणाच्या कोणत्याही साधनाचा इतिहास दोन अंगांनी लिहिता येतो. ते साधन कोठवर पोहोचले, हे एक अंग होय. आणि त्याच्या वापराचे माप कशाने घेतले गेले, हे दुसरे. पहिल्या अंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तारा किती मैल टाकल्या, दूरध्वनी केंद्रे किती उघडली, प्रकाशतंतू किती ग्रामपंचायतींपर्यंत गेला, ह्याचे आकडे शासकीय अहवालांत सहज सापडतात. दुसरे अंग मात्र उपेक्षित राहिले. कारण जुने दरपत्रक ही जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः समाजाच्या कोणत्या थराने ते साधन किती आणि कसे वापरले, हे दरपत्रकातूनच अधिक स्पष्टपणे कळते.

ब्रॉडबँड सेवेच्या बाबतीत हे माप ‘वापरमर्यादा’ ह्या रूपाने आले. ग्राहकाने महिन्याला अमुक इतकी सामग्री उतरवून घ्यावी, त्यापुढे गेल्यास एक तर जादा आकार द्यावा किंवा मंद झालेला वेग सोसावा, अशी ही व्यवस्था होय. तिच्यामागे ‘अतिवापर करणारा ग्राहक’ ही एक कल्पना गृहीत धरलेली असते. थोडे ग्राहक फार वापरतात आणि त्यामुळे इतरांच्या वाट्यास कमी येते. सबब त्या थोड्यांना आवर घालावा, असा तो युक्तिवाद आहे. ही कल्पना महानगरांत आणि पाश्चात्य देशांत जन्मास आली व तेथे ती बव्हंशी खरीही असेल. परंतु यवतमाळसारख्या जिल्ह्यास ती लागू करताना एक मूलभूत गफलत होते. मर्यादा मोजते ती जोडणी. आणि ह्या जिल्ह्यात एका जोडणीमागे एकच ग्राहक क्वचित असतो.

यवतमाळ जिल्ह्याची स्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सोळा तालुके, सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७,७२,३४८ लोकसंख्या. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहणारे. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा ही गावे परस्परांपासून दूर. मध्ये कापसाचा आणि सोयाबीनचा प्रदेश, झरी-जामणी, केळापूर, मारेगाव ह्या बाजूंस कोलाम, गोंड आदी आदिवासींची वस्ती. अशा प्रदेशात तार ओढणे खर्चाचे, आणि ओढलेली तार एका घराच्या उपयोगासाठी राखून ठेवणे तर त्याहून खर्चाचे. तेव्हा साधन सामाईक असणे हा येथील अपवाद नसून नियम आहे, आणि तो ब्रॉडबँडच्या पुष्कळ आधीचा आहे.

तारायंत्रापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. १८५५ मध्ये भारतातील तारसेवा सर्वसामान्यांस खुली झाली, तेव्हा सोळा शब्दांस ४०० मैलांपर्यंत एक रुपया असा दर होता. माप शब्दाचे होते, आणि मापाचा परिणाम भाषेवर ताबडतोब झाला. क्रियापदे गळाली, संबोधने नाहीशी झाली, व्यापाऱ्यांनी एका कृत्रिम शब्दात अख्खे वाक्य कोंबणारे सांकेतिक कोश वापरण्यास आरंभ केला. कापसाच्या व्यापारात अशा कोशांचे महत्त्व विशेष होते. कारण मुंबईचा भाव आधी कळणे म्हणजे नफा आणि उशिरा कळणे म्हणजे तोटा, हे उघड होते. पुढे शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक देण्यात आले व लग्नकार्यात वाक्याऐवजी केवळ आकडा धाडला जाऊ लागला. १९४९ साली देवनागरी लिपीतून तारा पाठविण्याची सोय झाली. प्रत्यय शब्दास जोडून लिहिणाऱ्या मराठीस शब्दगणतीचे माप किती अनुकूल आहे, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. ‘घरातल्यांनाही’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याचे चारपाच शब्द होतात. १५ जुलै २०१३ पासून ही सेवा बंद झाली. तिच्याविषयी लक्षात ठेवावयाची गोष्ट एवढीच, की तारघर एक असले तरी प्रत्येक तारेचे माप स्वतंत्र होते. आधीच्या माणसाने लांबलचक तार केली म्हणून मागच्याच्या शब्दांवर गदा येत नसे.

हीच गोष्ट सार्वजनिक दूरध्वनीची. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने खेड्यांच्या हवामानास टिकेल असे लहान दूरध्वनी केंद्र तयार केले, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकाने तालुक्याच्या गावांतून आणि नंतर बसथांब्यांवरून दिसू लागली. दुकानात लाल आकड्यांचे यंत्र असे. प्रत्येकाचे बोलणे संपले की त्याचा आकडा निराळा निघे, तो पैसे देऊन मोकळा होई. रात्री उशिरा चौथाई दर लागत असे, म्हणून मुंबई-पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलांशी बोलण्यासाठी अकराच्या सुमारास रांग लागे. ह्या व्यवस्थेत गैरसोय होती, गोपनीयता मुळीच नव्हती. तथापि साधन सामाईक आणि माप वैयक्तिक, हा मेळ तिने साधला होता. ब्रॉडबँडने नेमका तोच मोडला.

आंतरजालाची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरूनच चाले व तिचे माप तासांचे होते. वर्षाकाठी ठरावीक तास विकत घ्यावयाचे आणि शिवाय दूरध्वनीचा आकार द्यावयाचा. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांस हे क्षेत्र खुले झाले आणि काही वर्षांत जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर कॅफे ही नवी संस्था दिसू लागली. येथेही तासाप्रमाणे पैसे घेतले जात. कॅफेचा मालक तास घाऊक घेई आणि किरकोळीने विकी. हिशेब दोन्हीकडे एकाच मापात असल्यामुळे तो सुटसुटीत राहिला.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. कायम सुरू राहणारी आणि सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाने सामग्री आणणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. ‘कायम सुरू’ हे शब्द महत्त्वाचे होत. जोडणी सदैव चालूच राहणार म्हटल्यावर तास मोजण्यात अर्थ उरला नाही, आणि म्हणून माप काळाकडून आकारमानाकडे वळले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने ‘डेटावन’ ही सेवा आणली. यवतमाळसारख्या जिल्ह्यांतून तांब्याची तार ह्याच निगमाची असल्यामुळे ब्रॉडबँड म्हणजे डेटावन असे समीकरण पुष्कळ वर्षे टिकले. आरंभीच्या वर्षांतील सर्वांत स्वस्त योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइट मिळत. त्यापुढील प्रत्येक मेगाबाइटचा आकार वेगळा.

ह्या ४०० मेगाबाइटांचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. सेकंदास २५६ किलोबिट म्हणजे ३२ किलोबाइट. तासास सुमारे ११५ मेगाबाइट. जोडणी तिच्या जाहीर वेगाने अखंड चालविली, तर महिन्याचा कोटा साडेतीन तासांत संपतो. २००७ च्या आरंभी निगमाने वेग दोन मेगाबिटांपर्यंत वाढविला, तेव्हा ते एक मोठे औदार्य म्हणून वाखाणले गेले. परंतु त्या वेगाने ४०० मेगाबाइट संपावयास जेमतेम सत्तावीस मिनिटे लागतात. कोटा तोच ठेवून वेग आठपट करणे म्हणजे मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा काळ आठपट कमी करणे होय, हे त्या वेळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही. देयक हाती पडल्यावर ते पुष्कळांच्या ध्यानात आले.

काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ हा काळ मर्यादेतून वगळलेला होता. एसटीडीच्या चौथाई दराचेच हे नवे रूप. शहरातील विद्यार्थी संगणक रात्रभर चालू ठेवून सकाळी उतरलेली सामग्री पाहत असत. यवतमाळच्या ग्रामीण भागात ह्या सवलतीचे मोल काय असावे? ही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती आणि खेड्यांच्या वाट्यास ते सर्वांत अधिक येत असे. ज्या जिल्ह्यात ओलितासाठी पंपाची वीज पाळीने रात्रीची मिळते आणि शेतकरी विंचवाकाट्याची पर्वा न करता मध्यरात्री शेतात जातो, तेथे ‘रात्री फुकट’ ह्या शब्दांची नवलाई कोणास वाटण्याचे कारण नव्हते. तथापि तांत्रिक दृष्ट्या पाहता, ही रात्रीची सवलत मासिक मर्यादेहून अधिक प्रामाणिक होती असेच म्हणावे लागते. ह्याचे कारण पुढे येईल.

‘अतिवापर करणारा ग्राहक’ ही आकृती जगाच्या चर्चेत ठळक झाली ती अमेरिकेत. कॉमकास्ट ही तेथील मोठी कंपनी ग्राहकांच्या परस्पर-वाटपाच्या प्रणालींस गुपचूप अडथळा आणते, असे २००७ मध्ये उघडकीस आले. ऑगस्ट २००८ मध्ये तेथील संचार आयोगाने तिला दोषी ठरविले, आणि १ ऑक्टोबर २००८ पासून कंपनीने सर्वांना सारखी अशी महिना २५० गिगाबाइटांची उघड मर्यादा घातली. आपले सर्वसाधारण ग्राहक महिन्यास दोनतीन गिगाबाइटच वापरतात, असे तिचे म्हणणे होते. म्हणजे मर्यादेचा रोख शेकड्यातील एखाद्यावरच होता. कॅनडात २०११ च्या जानेवारीत नियामकाने वापरानुसार आकारणीस अनुकूल निर्णय दिला; त्यावर इतका गहजब झाला, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो बदलावा लागला. भारतीय वाचकाने येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकेतील २५० गिगाबाइट म्हणजे डेटावनच्या ४०० मेगाबाइटांच्या सहाशे पटींहून अधिक. तेथील मर्यादा शंभरातल्या एखाद्यास लागत होती. येथली मर्यादा साडेतीन तासांत कोणासही लागू शकत होती. एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू नांदत होत्या.

कंपन्यांची बाजू निराधार होती असे मात्र नाही. कोणतीही सेवा देणारी संस्था सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग मागणार नाहीत, असे धरूनच चालते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये घरगुती जोडण्यांसाठी हे प्रमाण पन्नासास एक आणि व्यापारी जोडण्यांसाठी तिसास एक ह्यापलीकडे जाऊ देऊ नये असे ठरविले. खानावळीच्या मालकाचा हिशेब ह्याहून निराळा नसतो. ‘पोटभर’ जेवण ठरावीक पैशांत देताना तो सरासरी भुकेवर पैज लावतो. एका ताटावर चौघे बसू लागले तर त्याचे दिवाळे निघेल. त्यातून समुद्राखालील तारांवरून परदेशी सामग्री आणण्याचा खर्च त्या काळी मोठा होता व बहुतेक सामग्री परदेशीच होती. तेव्हा काहीतरी आवर घालणे भाग होते, हे मान्य करावयास हवे.

प्रश्न आवर घालण्याचा नसून तो कोठे घातला ह्याचा आहे. गर्दी होते ती संध्याकाळी सात ते अकरा ह्या वेळात. त्या वेळी तार भरते, आणि भरलेल्या तारेवर प्रत्येक नवा वापर दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. पहाटे चार वाजता उतरविलेल्या गिगाबाइटाने कोणाचेही काही जात नाही. कारण तार तशीही रिकामीच असते. मासिक मर्यादा ह्या दोहोंस एकाच तराजूत तोलते. रात्रीची सवलत निदान हा भेद ओळखत होती, म्हणून ती अधिक प्रामाणिक. पुढे ती सवलत मागे पडली आणि मासिक मर्यादाच तेवढी उरली, ह्याचा अर्थ उघड आहे: मर्यादेचे काम गर्दी आवरण्याचे कमी आणि दरांच्या पायऱ्या बांधण्याचे अधिक होते.

ह्यानंतरचा टप्पा शब्दार्थाच्या दृष्टीने कुतूहलाचा आहे. मेगाबाइटमागे पैसे आकारण्याची पद्धत ग्राहकांस जाचक वाटू लागली, तेव्हा ‘अनलिमिटेड’ योजना पुढे आल्या. आणि त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘फेअर युसेज पॉलिसी’ अवतरली. मराठीत तिला वाजवी वापराचे धोरण म्हणतात. अमुक गिगाबाइटांपर्यंत पूर्ण वेग, पुढे जोडणी बंद होणार नाही, जादा पैसेही लागणार नाहीत, फक्त वेग उतरेल. मर्यादा गेली नाही. ती आकारमानातून वेगात शिरली. ‘वाजवी’ हे विशेषण कोणी ठरविले, हेही विचारण्यासारखे आहे. ‘वाजवी भाव’ म्हटले की घेणारा आणि देणारा ह्या दोघांस मान्य असलेला भाव मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो. येथे वाजवीपणा एकतर्फी ठरत होता, आणि त्या रेषेपलीकडचा वापर नुसता अधिक न राहता आपोआप ‘गैरवाजवी’ होऊन बसत होता.

‘ट्राय’ने २७ जुलै २०१२ रोजी आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी ह्या बाबतीत निर्देश दिले. मर्यादा किती, मर्यादेपर्यंतचा वेग किती आणि नंतरचा किती, हे तिन्ही आकडे जाहिरातीत व संकेतस्थळावर स्पष्ट सांगावेत; मर्यादेचा ठरावीक भाग संपताच ग्राहकास कळवावे; आणि मर्यादेनंतरही तारेच्या ब्रॉडबँडचा वेग सेकंदास ५१२ किलोबिटांखाली जाऊ देऊ नये, असा २०१६ च्या निर्देशाचा आशय होता. ब्रॉडबँडची व्याख्याच मधल्या काळात, २०१३ मध्ये, ५१२ किलोबिटांवर नेलेली होती. ज्या वेगास ब्रॉडबँड म्हणता येत नाही, तो ब्रॉडबँड म्हणून विकता येणार नाही, असे हे साधे तर्कशास्त्र. पण ते अमलात येण्यास डेटावनच्या आरंभापासून जवळजवळ बारा वर्षे लागली. शब्दाचा अर्थ राखणे हे नियामकाचेही काम असू शकते, ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

आता यवतमाळसारख्या जिल्ह्याकडे परत येता येईल. २००४ च्या धोरणाने २०१० अखेर दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात ती संख्या सुमारे एक कोटी दहा लाख भरली, आणि त्यांतही खेड्यांचा वाटा फार लहान होता. ही उणीव भरून काढण्यासाठी सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून भारत संचार निगमाशी जानेवारी २००९ मध्ये करार झाला. ग्रामीण भागात ८,८८,८३२ तारेच्या जोडण्या आणि त्यांच्या जोडीस २८,६७२ सार्वजनिक केंद्रे अशी त्याची रूपरेषा होती. जोडण्या कोणाच्या आणि केंद्रे कोणाची, हा फरक कागदावर केला गेला; वापराचे माप मात्र दोहोंकडे एकाच प्रकारचे राहिले. ह्याच सुमारास महाराष्ट्रात महा-ई-सेवा केंद्रे, ग्रामपंचायतींतून संग्राम केंद्रे आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रे निघाली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रवेश, पीकविमा ही सारी कामे हळूहळू कचेरीच्या खिडकीतून निघून केंद्रचालकाच्या संगणकावर आली.

असे केंद्र चालविणारा मनुष्य दरपत्रकाच्या दृष्टीने अतिवापर करणारा ग्राहकच ठरतो. त्याच्या एका जोडणीवरून दिवसास पन्नास माणसांची कागदपत्रे चढतात. प्रत्येकाचा वापर काढला, तर तो शहरातील एखाद्या घराच्या वापराच्या पासंगासही पुरणार नाही. सगळ्यांचा मिळून मात्र मर्यादा ओलांडतो. तारघरात आणि पीसीओमध्ये ज्याचे त्याचे माप होते. येथे ते नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलेल्यास पूर्ण वेग मिळतो, आणि पंचविसाव्या दिवशी आलेल्यास आधीच्या सर्वांनी वापरून उरलेला. मर्यादेचा भार अशा रीतीने सर्वांत शेवटी येणाऱ्यावर पडतो. आणि शेवटी कोण येतो? ज्यास बातमी उशिरा कळते, ज्यास मजुरीचा दिवस बुडविता येत नाही, ज्याचे गाव डांबरी रस्त्यापासून आत आहे, तो.

२०१७ चा पावसाळा ह्या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ व्हावयाचे होते, आणि त्यासाठीचा अर्ज ऑनलाइनच भरावयाचा होता. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत राज्यभर केंद्रांपुढे रांगा लागल्या. मुदत वाढवून २२ सप्टेंबर करावी लागली. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले जाते, तेथे अशा अर्जाचे महत्त्व काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वेळच्या खोळंब्याचे खापर वापरमर्यादेवर फोडणे अर्थातच सयुक्तिक होणार नाही. मुख्य अडचण शासकीय संकेतस्थळावर आलेल्या ताणाची आणि आधार-पडताळणीची होती. परंतु त्या आठ आठवड्यांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवून दिली: ग्रामीण जोडणीचा वापर घरगुती जोडणीप्रमाणे महिन्यागणिक सारखा वाहत नाही. तो पेरणी, विमा, प्रवेश, कर्ज ह्यांच्या मुदतींबरोबर नाल्याच्या पुरासारखा येतो आणि ओसरतो. महिन्याच्या सरासरीवर बेतलेल्या मापात हा पूर मावत नाही.

ह्या सुमारास चित्र दुसऱ्याच बाजूने पालटले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, काही महिने ती फुकट मिळाली, आणि ती मागे घेतल्यावर जे रूप स्थिर झाले ते दैनंदिन मर्यादेचे. दिवसास एक गिगाबाइट, पुढे दीड, दोन. मध्यरात्री कोटा पुन्हा भरावयाचा. किमती इतक्या उतरल्या, की आधीची सगळी गणिते हास्यास्पद झाली. ४०० मेगाबाइट ही महिन्याची शिधा होती, ती आता अर्ध्या दिवसाची झाली. भाषेने ह्या बदलाची नोंद तत्परतेने घेतली. ‘नेट’ हा शब्द पूर्वी स्थानवाचक होता. माणसे नेटवर जात असत, नेटवर बसत असत. आता नेट संपते, पुरते, उरते. वऱ्हाडी बोलीत पीठ सरते, तेल सरते, तसे नेटही सरते. रिचार्ज ‘मारला’ जातो. जे ठिकाण होते ते घरातील जिन्नस झाले, आणि हा अर्थबदल कोणत्याही जाहिरातीने घडविलेला नसून मर्यादेच्या अनुभवाने घडविला आहे. शब्द मोजणाऱ्या तारेने वाक्यरचना बदलली होती. आकारमान मोजणाऱ्या योजनेने नामाची जात बदलली.

परंतु जोडणी आणि माणूस ह्यांचा जुना तिढा येथेही सुटला नाही; तो दुकानातून घरात आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली व त्या वर्षी शाळा मोबाइलवर भरू लागल्या. ‘असर’ ह्या सर्वेक्षणाच्या २०२० च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले; दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी. पण घरी एक फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. चौथीतला, सातवीतली आणि दहावीतला अशी तीन भावंडे एका फोनवर, आणि फोनला दिवसास दीड गिगाबाइट. मोठ्याचा तास चित्रफितीचा असला, की धाकट्याचा अभ्यास मंद वेगावर येणार. अनेक मोबाइल योजनांत हा मंद वेग सेकंदास ६४ किलोबिट असतो. त्या वेगाने एक मेगाबाइटाचे छायाचित्र चढविण्यास दोन मिनिटांहून अधिक लागतात आणि चित्रफीत तर चालतच नाही. ५१२ किलोबिटांची हमी तारेच्या ब्रॉडबँडसाठी होती. ज्या गावांत तार पोहोचली नाही, तेथे ती हमीही पोहोचली नाही.

तारेच्या बाजूस मात्र मर्यादा जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस जिओने आपल्या प्रकाशतंतूच्या योजना ‘खऱ्या अर्थाने अमर्याद’ म्हणून जाहीर केल्या. म्हणजे आधीचे अमर्याद खरे नव्हते, ही कबुली ओघानेच आली. तथापि त्या योजनांतही महिना ३,३०० गिगाबाइटांची रेषा होती, आणि ती ओलांडणाऱ्याचा वापर व्यापारी समजला जाईल असे धोरण होते. ३,३०० गिगाबाइट एका कुटुंबास संपविणे कठीणच आहे. तेव्हा ह्या मर्यादेविषयी तक्रार करण्यास जागा नाही. लक्षणीय आहे ते त्यातील गृहीतक. एका घराच्या ऐपतीबाहेर वापर गेला, की त्यामागे व्यापारच असला पाहिजे. एखादी वाचनालयाची खोली, वसतिगृह, पारावरची ग्रामपंचायत असू शकेल, ही शक्यता दरपत्रकाच्या भाषेत अजून आलेली नाही. घर आणि दुकान ह्यांच्या मधले ‘गाव’ हे एकक तिला ठाऊकच नाही.

वास्तविक शासनाच्या योजनेत हे एकक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळे, जे पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखले जाऊ लागले, ते सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठीच आखलेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ किलोबिटांवरून दोन मेगाबिटांवर नेण्यात आली. दरम्यान कामाचे स्वरूपही बदलले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र स्वतःच्या फोनमधून चढवावयाचे. गारपिटीने किंवा पुराने पीक गेले, तर विम्यासाठी बहात्तर तासांच्या आत कळवावे लागत असे. पूर्वी वापरमर्यादा प्रामुख्याने सामग्री उतरविणाऱ्यास लागत असे. आता ती माहिती चढविणाऱ्याच्याही आड येऊ शकते. ही माहिती शासनास हवी असते, आणि तिचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या दिवसाच्या कोट्यातून होतो.

‘ट्राय’ दरमहा ब्रॉडबँडच्या ग्राहकांची संख्या प्रसिद्ध करते. वणी किंवा घाटंजीच्या एखाद्या सेवा केंद्रातून दिवसभरात पन्नास माणसांची कामे झाली, तरी त्या तक्त्यात त्यांची नोंद एक अशीच होते.